उजवीकडची खुर्ची

पेट्रोलमध्ये इंजिनाचं तेल कालवलं की एक गोडसर, डोकं जड करणारा वास सुटतो, आणि मिठागरांवरून पहाटे वाहणाऱ्या वाऱ्याला ओल्या खाऱ्या चिखलाचा स्वतःचा असा एक जुना वास असतो. हे दोन्ही वास एकाच श्वासात आले की अजूनही मी जागच्या जागी थबकते. तेव्हा फाल्गुन नुकताच लागला होता. कामोठ्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरायचं, उजाडण्याआधीच्या त्या राखी प्रकाशात बांधावरून चालू लागायचं, दोन्ही बाजूंना खाजणातलं पाणी निश्चल पडलेलं असायचं, एखादा बगळा फार विचार करून एकेक पाऊल उचलायचा, आणि बांध संपला की मुरुमाची ती लालसर पट्टी दिसायची, जिला आम्ही मोठ्या मानाने धावपट्टी म्हणत असू. ती दिसली की माझी चाल आपोआप मंद व्हायची. उशीर झालेला असला तरीही.

पट्टीच्या टोकाला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आमच्या क्लबचं एकुलतं एक विमान. त्याला विमान म्हणताना थोडा संकोचच वाटतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणून बसवलेलं कापड, मोटरसायकलच्या जातकुळीतलं इंजिन आणि शेजारीशेजारी दोन खुर्च्या, एवढाच त्याचा संसार. हा सगळा खटाटोप खानोलकर सरांनी उभा केला होता. सर हवाई दलातून निवृत्त झालेले. बारीक अंगाचे, ताठ, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघणारे. त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या रक्तदाबाचा आकडा पाहून मान हलवली. पावसाळ्यात परवान्याची मुदत संपली की सरांना शिकवता येणार नव्हतं. क्लबात दुसरा शिक्षक नव्हता, शिक्षक नाही तर क्लब नाही, आणि क्लब नाही तर ते विमान उचलून कुणाला तरी देऊन टाकायचं, हे गणित शाळेतल्या पोरालाही सुटलं असतं.

सरांनी एके दिवशी मला शेडच्या सावलीत बसवलं आणि म्हणाले, “सुनंदा, शिक्षकाची परीक्षा तू दे. शाळेत शिकवतेसच ना? इथे वर्ग जरा उंचावर भरतो, एवढंच.” मी हसले. ते हसू परतताना बांध ओलांडेपर्यंतही टिकलं नाही.

उडायला मी कॉलेजात असताना शिकले, एका शिष्यवृत्तीच्या कृपेने, आणि शिकले ती चटकन शिकले. डावीकडच्या खुर्चीत बसून आकाशात जाणं हे माझ्या आयुष्यातलं बहुधा एकच काम होतं, ज्याची मला भीती वाटत नसे. पण शिक्षक उजवीकडे बसतो. ही साधीशी अदलाबदल मला किती महागात पडेल याची कल्पना नव्हती. वर्षानुवर्षं उजव्या हाताने धरलेली स्टिक, म्हणजे विमानाला डावीउजवीकडे कलवणारा आणि त्याचं नाक वरखाली करणारा दांडा, आता डाव्या हातात आली. धावपट्टी नेहमीच्या कोनातून दिसेनाशी झाली. विमान तेच, वारा तोच, आणि मी मात्र नव्याने घरात आलेल्या सुनेसारखी, कुठे काय ठेवलंय ते चाचपडत बसलेली. शिवाय उडवता उडवता बोलायचं. नाक क्षितिजाच्या किती खाली असावं, वळताना पाय कुठे दाबावा, वाऱ्याचा आवाज बदलला तर त्याचा अर्थ काय, हे सगळं शांत, सावकाश, धीर देणाऱ्या आवाजात सांगायचं, आणि ते सांगताना आपल्या छातीत चाललेली धडधड त्या आवाजात मिसळू द्यायची नाही. शिरवण्याच्या आमच्या भाड्याच्या खोलीत मी लाटणं डाव्या हातात उभं धरून हा सराव करत असे. घरमालकीण एकदा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग आईला म्हणाली, “काय गो, तुजी पोर इमान चालवते म्हनं. आनि वर रस्ता कोन सांगतं तिला?” आईने माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं, कारण पोळ्या खोळंबल्या होत्या.

आमच्या घरात तेव्हा आम्ही दोघीच होतो. बाबा इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. ते गेल्याला दीड-दोन वर्षं झाली होती. चिपळूणकडच्या गावातून ते इथे आले तेव्हा इथे वसाहत नव्हती, पूल नव्हता, नुसती खाडी आणि कारखान्यांची धुराडी. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीशेजारी आता त्यांचाही फोटो लागला होता, आणि आई रोज संध्याकाळी दोन्ही तसबिरींपुढे एकच उदबत्ती ओवाळत असे. धुराच्या त्या निळसर रेघेखाली बसून मी मुलांच्या वह्या तपासायची.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवत असे, म्हणजे माझं खरं काम गिरवून घेण्याचं. मूल पाटी पुढ्यात घेऊन बसलं की त्याच्या मागे गुडघ्यावर बसायचं, पेन्सिल धरलेली त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि ‘अ’ च्या पोटातून, ‘ग’ च्या दांडीवरून त्याचा हात फिरवून आणायचा. किती इवल्या मुठी माझ्या तळहाताने ओळखीच्या केल्या असतील! काही घामट, काही कडक, काही इतक्या सैल की सगळं अक्षर मलाच काढावं लागे आणि मूल बिनघोर छताकडे पाहत बसे. मला ते काम आवडायचं. कुणाच्या हातून चूक होण्याआधीच तो हात वळवता येणं, यात मोठं समाधान असतं. हेच समाधान मी घरीही मिळवू लागले होते. बाबांनंतर बँकेत खातं उघडताना आईने अंगठा उठवला, आणि परतताना सबंध रस्ताभर ती शाई लागलेलं बोट पदरात लपवून चालली. घरी आल्यावर म्हणाली, “बाय, मला माजं नाव लिवाया शिकव.” विहारातल्या सभांमधून शिकण्याबद्दल आयुष्यभर ऐकत आलेली बाई ती, आपल्या अंगठ्याची लाज तिला दुःखापेक्षा जड झाली होती. मी पाटी आणली, तिच्या मागे बसले, तिची राठ, चुलीने भाजलेली मूठ माझ्या मुठीत धरली, आणि आम्ही दोघींनी मिळून लिहिलं, शेवंता. मग रोजच लिहू लागलो. अक्षर सुरेख यायचं.

सरांबरोबरच्या सरावात सर विद्यार्थी होत. डावीकडच्या खुर्चीत बसून ते मुद्दाम चुका करत, नवखा माणूस करील तशा, आणि मी त्या ओळखून, शब्दांनी सांगून, अगदीच गरज पडली तर विमान हातात घेऊन सुधारायच्या. दोन्ही खुर्च्यांपुढे एकेक दांडा होता आणि ते दोन्ही आतून जोडलेले, एक हलला की दुसरा हलणारच. म्हणून सरांनी एक कडक रिवाज घालून दिला होता. विमान दुसऱ्याच्या हवाली करताना ‘तुझ्याकडे’ म्हणायचं आणि दोन्ही तळवे हवेत वर करून दाखवायचे. समोरच्याने दांडा धरून ‘माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय ते खाली आणायचे नाहीत. इंजिनाच्या घरघराटात, हेल्मेटमधल्या तारेतून आवाज खरखरत येत असताना, शब्दांवर एकट्याने विसंबू नये म्हणून हे तळवे. बघणाऱ्याला ते दृश्य विनोदी वाटे. खाली मीठ ओढणाऱ्या बाया वर बघून हसत आणि उलट हात हलवत.

“तू हात सोडत नाहीस,” सर पहिल्या आठवड्यापासून सांगत होते. मी तळवे वर करत होते, रीतसर. पण ते खाली आणल्यावर माझी डावी करंगळी कधी दांड्याला जाऊन टेकायची ते मला कळत नसे. सरांनी नाक जरा जास्त खाली नेलं की ती करंगळी अलगद ते वर आणायची, आणि तोंडाने मी म्हणत असे, ‘छान, अगदी बरोबर.’ सर एकदा वैतागून म्हणाले, “अगं, बरोबर कुणाचं? माझं की तुझं?” मी म्हटलं, “सर, मी धरलाच नव्हता.” आणि माझा त्यावर खरोखरच विश्वास होता. परीक्षक यायचे तो रविवार जवळ येत होता. त्याआधी सरांना कागदावर सही करून द्यावी लागणार होती, की ही मुलगी शिकवायला तयार आहे. ती सही ते करत नव्हते. रोज उतरल्यावर ते हेल्मेट काढत, टक्कल रुमालाने पुसत आणि म्हणत, “उद्या बघू.”

त्या दिवसांत माझी झोप उडाली होती असं म्हणणं म्हणजे विनोदच झाला, पण तसंच होतं. डोळा लागला की पाय आपोआप दाबले जात, जणू पायाशी रडरचं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं, पायडल आहे. शाळेत मुलांची प्रार्थना चालू असताना मी मनात विमान उतरवण्याचे टप्पे म्हणत असे. आणि एक विचार सगळ्यांच्या तळाशी बसून होता, की उद्या खरंच कुणी नवखा माणूस शेजारी बसेल, आपल्या भरवशावर जमीन सोडील, आणि त्याची चूक व्हायची वाट बघत मी नुसती बसून राहीन, हे मला कसं जमणार? चूक दिसते आहे, हात पोचतो आहे, आणि तरी थांबायचं. कुठवर? हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

ज्या सकाळबद्दल सांगायचं आहे, ती फार सुंदर होती. धुकं मिठागरांच्या चौकोनांत साचून राहिलं होतं आणि सूर्य वर येताच एकेक चौकोन तांबूस, मग पांढरा होत गेला. मिठाच्या राशी ओळीने उभ्या होत्या. दूर जासईच्या बाजूला डोंगराचा निळा उतार आणि त्याच्या पायथ्याशी नव्या बंदराच्या कामाची उकरलेली माती. आम्ही बऱ्यापैकी उंचीवर होतो. उडण्याआधी सर म्हणाले होते, “आज बोलणंही कमी कर. हात सोड, तोंड सोड, नुसती बस.” मी मनाशी ठरवलं होतं की आज काही झालं तरी करंगळी जाऊ द्यायची नाही. सरांनी एक मोठं, संथ वळण घेतलं, वळण संपताना नाक थोडं भरकटलं, आणि ठरवूनही माझी करंगळी गेली. गेल्याचं मला त्याच क्षणी समजलं. चटका बसावा तसा मी हात मागे घेतला आणि पुन्हा चूक नको म्हणून दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून त्यांवर बसले.

मग काही वेळ फार शांत गेला. विमान सरळ चाललं होतं. मी समोर बघत होते आणि स्वतःवर खूष होत होते. हळूहळू उजवा पंख जरासा कलला. मी म्हटलं, सर मुद्दाम करताहेत, बघू दे. पंख आणखी कलला, नाक खाली झुकलं, आम्ही गोल फिरत खाली जाऊ लागलो. पंख ताणून धरणाऱ्या तारांमधून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज चिरका होत चालला. काय हे, आज सरांनी परीक्षा कडक घ्यायची ठरवलेली दिसते. हात सोड म्हणाले होते ना, सोडला. तळहात मांड्यांखाली मुंग्या येऊन बधिर झाले होते. मिठाच्या राशी आता पांढरे ठिपके राहिल्या नव्हत्या. त्यांच्या सावल्या दिसू लागल्या, मग टोपल्या, मग एक बाई, जी डोक्यावरची टोपली सावरत थांबली होती आणि आज हसत नव्हती. मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत होते, कौतुकाने, भुवया उंचावून, जणू विचारत होते, की हे काय दाखवते आहेस मला? आणि मग माझी नजर खाली गेली. सरांचे दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यांवर होते.

एकाच क्षणी आम्ही दोघांनी दांडे धरले. विमान थरथरलं, कारण आम्ही दोघेही ते आपापल्या परीने सावरू पाहत होतो आणि दोन ताकदी एकमेकांना अडवत होत्या. सर ओरडले, “माझ्याकडे!” मी तळवे वर केले. सरांनी पंख सरळ केले, मग सावकाश नाक उचललं, आणि धुक्याचा उरलासुरला पदर आमच्या चाकांखालून सरकून गेला. धावपट्टीला लागेपर्यंत माझे तळवे हवेतच होते. खाली आणायचे असतात हे मला आठवलं नाही.

उतरल्यावर सर रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. शेडच्या भिंतीला टेकून ते जमिनीवर बसले. थर्मासातला चहा झाकणात ओतताना अर्धा मुरुमावर सांडला. मग म्हणाले, “वळण संपलं तेव्हा तुझा हात जाणवला मला. रोजच जाणवतो. मला वाटलं, घेतलंस तू. मी सोडलं. सांगायला हवं होतं, तळवे दाखवायला हवे होते. रिवाज माझाच, मोडलाही मीच.” ते पुढे म्हणाले, “पण बघ ना, सुनंदा. इतका वेळ ते कुणीच उडवत नव्हतं.”

मी रडू लागले. मला म्हणायचं होतं की मी तर मदत करत होते. मी न बोलताही सरांनी ते ऐकलं असावं. “धरायचं तर सांगून धर, सोडायचं तर सांगून सोड,” ते म्हणाले. “चोरून धरलेल्या हातामुळे शेजारच्याला वाटतं आपणच उडवतोय, आणि एक दिवस तो हात नसतो.” मग रुमालाने टक्कल पुसून ते नेहमीचं वाक्य म्हणाले. उद्या बघू. त्या दिवशी एस.टी.त बसायला जागा होती, तरी मी उभीच राहिले.

पुढच्या सोमवारी आईला घेऊन बँकेत गेले. खात्यावर अंगठ्याऐवजी सही चालू करायची होती. आईने ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं आणि केसांना तेल लावून चापून अंबाडा घातला होता. काउंटरमागच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला, बोटाने रिकामी जागा दाखवली आणि पेन दिलं. आईने पेन धरलं, अगदी नीट धरलं. आणि ती थांबली. पेनाचं टोक कागदाच्या जरा वर तसंच राहिलं. मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं, साहेब म्हणाले, “मावशी, करा ना सही.” आईची मूठ तिथेच होती, आणि मला अचानक समजलं की ती कशाची वाट बघते आहे. तिच्या मुठीवर यायला हवी असलेली माझी मूठ आली नव्हती, म्हणून तिचा हात हलत नव्हता. इतक्या सगळ्यांसमोर मी तिची मूठ धरू शकत नव्हते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतला प्रश्न मी आठवडाभरापूर्वी मिठागरांवर सरांच्या डोळ्यांत पाहिला होता. मग तिने पेन खाली ठेवलं आणि शाईच्या पॅडकडे हात केला.

परतताना शाई लागलेला अंगठा या वेळी तिने लपवलाही नाही, तो तसाच उघडा ठेवून ती भराभर पुढे चालत राहिली. संध्याकाळी उदबत्ती लावून झाल्यावर म्हणाली, “तुजा हात व्हता तवा मला वाटायचं, मीच लिवते.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला त्या क्षणी आईची, सरांची, त्या पहिलीतल्या सगळ्या इवल्या मुठींची इतकी भीती वाटली, की मी ताटातला भात तसाच ठेवून उठले.

त्या आठवड्यात केव्हातरी मी पाटी तिच्या पुढ्यात ठेवली आणि या वेळी मागे न बसता तिच्या उजवीकडे बसले. तिची मूठ माझ्याकडे सरकली. मी दोन्ही तळवे वर केले आणि म्हटलं, “आई, तुझ्याकडे.”

“ह्ये काय? पोलिसांनी धरल्यावानी?” ती म्हणाली.

“आमच्याकडे असंच असतं. तू ‘माझ्याकडे’ म्हणेपर्यंत हात खाली आणायचे नाहीत.”

तिने माझ्या तळव्यांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, पदराने पाटी पुसली. पेन्सिल टेकली. पहिली रेघ आडवी जायच्या ऐवजी घसरली आणि माझ्या करंगळीला, खोटं कशाला सांगू, हवेतच कळ आली. तिने ते पुसलं. पुन्हा काढलं. बाहेर घरमालकिणीच्या अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता, कुठेतरी ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या होत्या, आणि माझे दंड दुखून आले होते. आई एकेक अक्षर दाताखाली जीभ धरून काढत होती, आणि ते भलत्याच दिशांना चाललं होतं. शेवटी ती पाटीवरून मान वर न करताच म्हणाली, “घे खाली. माज्याकडं हाय.”

त्या रविवारी सरांबरोबर पुन्हा वर गेले. सरांनी उतरताना नवख्याची नेहमीची चूक केली, जमिनीपासून अजून उंच असतानाच नाक वर ओढून धरलं, आणि विमान हवेत लोंबकळू लागलं. माझे हात मांड्यांवर होते, पालथे नव्हे, उताणे. मी म्हटलं, “सर, नाक थोडं खाली.” सर ऐकेनात. धावपट्टीची लाल माती वर येत होती. अजून थांब, मी स्वतःला म्हणाले, अजून. आणि मग थांबणं पुरे झालं हे मला कसं कळलं ते आजही सांगता येणार नाही. मी मोठ्याने म्हटलं, “माझ्याकडे!” सरांचे तळवे तात्काळ वर गेले. टेकताना चाकं चांगलीच आपटली. सर हेल्मेट काढत म्हणाले, “आज मला पूर्ण वेळ ठाऊक होतं, कोण उडवतंय ते.” आणि पंखावर कागद ठेवून त्यांनी सही केली. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्याचं एक टोक मी धरलं होतं. माझी भीती काही गेली नाही. उलट, आता डावीकडे बसणारा माणूस मुद्दाम चुकणारा नसेल, हे त्या सहीने पक्कं केलं होतं.

परीक्षक पुढच्या रविवारी यायचे होते. त्याआधी मधल्या वारी आम्ही दोघी पुन्हा बँकेत गेलो, आईच्याच हट्टाने. तेच साहेब होते, तोच कागद, तशीच रांग. पाटीवर तिला जमत होतं. पण रोज नाही. मी तिला पुढे केलं आणि हातांचं काय करावं ते न सुचून ते पाठीमागे बांधले, मग सोडले, मग पर्सच्या पट्ट्यात अडकवले. मागून कुणीतरी पुन्हा खाकरलं. आईने एकवार माझे दोन्ही हात कुठे आहेत ते पाहून घेतलं, आणि पेन कागदाला टेकवलं.

मी तिच्या उजवीकडे उभी होते.